पुस्तकांच्या दुकानात न दिसणारी मराठी कथा: शोधायची कुठे आणि निवडायची कशी

‘हल्ली मराठीत नवीन काही येतच नाही’ अशी कुरकूर करणाऱ्याला एकदा विचारून बघा, शेवटचं पुस्तक कुठून घेतलंत? उत्तर बहुधा मोठ्या दुकानाचं किंवा मॉलमधल्या कोपऱ्याचं असतं. तिथल्या दर्शनी टेबलावर ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या जाडजूड आवृत्त्या, श्रीमंत होण्याचे अनुवादित मंत्र आणि आपल्या आईवडिलांनीही वाचलेली चार-पाच नावं. यात दुकानदाराची चूक काढण्यात अर्थ नाही, त्याला खपणारा माल पुढे ठेवावा लागतो. नव्या लेखकाच्या कथासंग्रहाच्या मुळात पाचशे, फार तर हजार प्रती निघतात. प्रकाशक एका खोलीतून काम करतो आणि किमतीतला मोठा वाटा वितरक-विक्रेत्याच्या कमिशनात जातो. म्हणून ते पुस्तक त्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही.

छोटी प्रकाशनं, लेखकाने पदरमोड करून काढलेली पुस्तकं, अनियतकालिकं (ठरावीक वेळ न पाळता निघणारे छोटे अंक) आणि थेट ऑनलाइन लिहिल्या जाणाऱ्या मालिका या सगळ्यांबद्दल हा लेख आहे. माझा सल्ला एका ओळीचा आहे: पुस्तकाच्या मागे लागू नका, ते जिथून येतं ती जागा धरा. एक चांगली जागा सापडली की पुढची नावं आपोआप हाती लागतात.

सुरुवात: आपल्याला नक्की काय हवंय?

‘मला रहस्यकथा आवडतात’ एवढ्यावर भागत नाही. पोलिसी तपास आवडतो, की जुन्या वाड्यातलं न उलगडणारं गूढ? विज्ञानकथेत यंत्रं हवीत की माणसं? ग्रामीण म्हणजे तुम्हाला आठवणीतलं गाव हवंय, की आजचं, पाणंदीवर मोबाइल घेऊन बसलेलं? दोन-तीन ओळी लिहून ठेवा. पुढे अनुक्रमणिका चाळताना त्या उपयोगी पडतात.

दिवाळी अंक: इथूनच सुरू करा

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. आजही मराठीतली नवी कथा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त संख्येने छापली जाते ती याच अंकांत. कादंबरी लिहिणाऱ्याने त्याआधी कुठल्यातरी अंकात दोन-तीन कथा दिलेल्या असतात. म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधी तो लेखक तुम्हाला भेटू शकतो.

अडचण निवडीची आहे. अंक शेकड्यांनी निघतात, त्यातल्या बऱ्याच अंकांत जाहिराती आणि राशिभविष्य यांच्या मधल्या जागेत साहित्य असतं. मुखपृष्ठावर जाऊ नका. सरळ अनुक्रमणिका उघडा आणि कथा विभागात किती नावं तुमच्या ओळखीची नाहीत ते मोजा. सगळी नावं ओळखीची असतील तर संपादकाने फोनवहीतून अंक काढलाय असं समजा. सगळीच अनोळखी असतील तर एखादी कथा उभ्या उभ्या वाचून बघा. निम्मी-निम्मी असतील तर तो अंक घ्यावा. संपादकाला जुन्यांचा मान राखता येतो आणि नव्यांची पारखही आहे, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरी खूण संपादकीयात मिळते. ‘यंदा आमच्याकडे आलेल्या कथांत अमुक दिसलं’ असं जो संपादक लिहितो, तो आलेलं टपाल उघडून वाचतो. अशा अंकाला नवे लेखकही कथा पाठवत राहतात.

हे सगळे अंक विकत घ्यायची गरज नाही. बरीच वाचनालयं दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना चालवतात. एकदाच ठरावीक वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. वर्गणी साधारण एखाद-दुसऱ्या अंकाच्या किमतीएवढी. पहिल्या आठवड्यात ‘मौज’, ‘अक्षर’, ‘दीपावली’ या मानाच्या अंकांवर उड्या पडतात. पडू द्यात. तुम्ही तेव्हा कोणी हात न लावलेले अंक घेऊन या: ‘मुक्त शब्द’, ‘खेळ’, ‘वाघूर’, किंवा तुमच्याच जिल्ह्यातून निघणारा एखादा. जानेवारी उलटला की विक्रेते उरलेले अंक निम्म्या किमतीत काढतात. विकतचे अंक तेव्हा घ्यावेत, कथा काही शिळी होत नाही.

वाचताना जवळ वही ठेवा. कथा आवडली तर लेखकाचं नाव, अंक, वर्ष आणि एका ओळीत आशय. ‘छान आहे’ असं लिहिलं तर मे महिन्यात काहीच आठवत नाही. ‘बस डेपोतला वाहक, हिशेबात तीस रुपये कमी, पूर्ण कथा एका रात्रीत’ असं लिहिलं तर वर्षभराने नाव पुन्हा दिसलं की कथा डोळ्यापुढे उभी राहते.

श्रेयपान आणि पूर्वप्रसिद्धी: खरी किल्ली

कथासंग्रह हातात आला की आपण मलपृष्ठ वाचतो. ते प्रकाशकाने विक्रीसाठी लिहिलेलं असतं, त्यातून फारसं काही कळत नाही. त्याऐवजी शीर्षकपानाची मागची बाजू, म्हणजे श्रेयपान, बघा. तिथे बारीक टायपात प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती, अक्षरजुळणी, मुद्रक, मुखपृष्ठकार, किंमत असते आणि त्याखाली किंवा पुस्तकाच्या शेवटी ‘पूर्वप्रसिद्धी’. एखाद्या संग्रहात दहा कथा असतील, तर त्यातल्या सात कुठल्या अंकात कधी आल्या ते तिथे लिहिलेलं सापडतं.

समजा संग्रहातली तिसरी कथा तुम्हाला सगळ्यात जास्त आवडली आणि ती एका छोट्या अनियतकालिकात आली होती. त्या अनियतकालिकाचा तोच अंक मिळवा. तुमच्या आवडीची कथा ज्या संपादकाने निवडली, त्याने त्याच अंकात आणखी तीन-चार कथा निवडल्यात. त्यातली एखादी तुम्हाला आवडण्याची शक्यता कुठल्याही ‘टॉप टेन’ यादीपेक्षा जास्त. मग त्या दुसऱ्या लेखकाचा संग्रह, त्याची पूर्वप्रसिद्धी, तिथून तिसरा अंक. घरबसल्या वर्षभर पुरेल एवढं वाचन या एका सवयीतून निघतं.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी बघण्यासारख्या. ‘मुद्रितशोधन’ किंवा ‘संपादन’ यापुढे कोणाचं तरी नाव आहे का? असेल तर लेखकाखेरीज निदान आणखी एका माणसाने मजकूर नीट वाचलाय. दुसरं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचा उल्लेख. ही योजना लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी असते, म्हणून असा उल्लेख दिसला की आपण नक्की नव्या लेखकापाशी आलो आहोत. दर्जाची हमी त्यात नाही. आयएसबीएनचं (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचं) तर कौतुक अजिबात नको. तो क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. पुस्तकाची नोंद झाली एवढंच त्यावरून कळतं.

प्रकारानुसार कुठे जायचं

*रहस्य, गूढ, भय.* ‘नवल’ आणि ‘धनंजय’ या दोन दिवाळी अंकांनी हा प्रांत अनेक वर्षं सांभाळलाय. बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्यानंतर कोण, हा प्रश्न पडलेल्यांनी आधी तिथे बघावं. समीक्षक या प्रकाराकडे फिरकत नाहीत, म्हणून परीक्षणांची वाट बघत बसलात तर काहीच सापडणार नाही. या क्षेत्रात ध्वनिमाध्यमाचाही जोर आहे. स्टोरीटेल हे ऐकण्याच्या पुस्तकांचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी त्यात आहे, आणि केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिकाही तिथे मिळतात. भयकथा रात्री दिवा मालवून ऐकण्याची मजा वेगळीच, पण वाईट अभिवाचक चांगली कथा मारतो. आधी नमुना ऐका.

*विज्ञानकथा.* इथे मराठीला चांगलं पाठबळ आहे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या कोणाची तरी कथा पहिली आली. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर हाती लागतात. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी हा उद्योग केला होता. नवा विज्ञानकथाकार शोधायचा असेल तर अशा स्पर्धांचे निकाल वाचा. पहिल्या क्रमांकावर थांबू नका, उत्तेजनार्थ बक्षिसांची नावंही टिपा. परीक्षक मंडळींना नीटनेटकी कथा आवडते. थोडी वेडीवाकडी पण भन्नाट कल्पना असलेली कथा बऱ्याचदा उत्तेजनार्थमध्ये सापडते.

*गावाकडचं, शहराच्या काठावरचं, वंचितांचं लेखन.* माझ्या मते आजची सगळ्यात जोरकस मराठी कादंबरी इथे लिहिली जातेय. ‘फेसाटी’ या कादंबरीसाठी नवनाथ गोरे यांना २०१८चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला, ‘उसवण’साठी देविदास सौदागर यांना २०२४चा. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. तयार कपड्यांच्या बाजारापुढे शिंप्याचा धंदा कसा उसवत जातो हे त्यांनी आतून लिहिलंय. अशा पुस्तकांचा ठावठिकाणा पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या प्रकाशनांत लागतो. अखिल भारतीय संमेलनाबरोबरच विद्रोही साहित्य संमेलनातली (पहिलं १९९९ मध्ये धारावीत झालं) आणि तालुका-जिल्हा पातळीवरच्या संमेलनांतली पुस्तकांची टेबलं बघा. तिथे लेखक स्वतः पिशवीतून पुस्तकं काढून विकत असतो. भाषणं ऐकायला पुढच्या रांगेत बसण्यापेक्षा ती टेबलं जास्त देतात.

*प्रेमकथा, कौटुंबिक मालिका.* यांचा संसार आता जवळपास सगळा ऑनलाइन हललाय. त्याबद्दल पुढे.

*प्रयोगशील लेखन.* ‘हाकारा’सारखं ऑनलाइन द्वैभाषिक नियतकालिक एकेक विषय घेऊन अंक काढतं, त्यातला मराठी भाग वाचा. परकीय भाषांतून थेट मराठीत आलेल्या कथांसाठी ‘केल्याने भाषांतर’ हे नियतकालिक आहे. ते स्वतंत्र मराठी लेखन नव्हे हे खरं, पण कथा किती तऱ्हांनी सांगता येते ते त्यातून कळतं, आणि मग आपल्याकडच्या नव्या कथेतलं नवं काय तेही लवकर ओळखता येतं.

छोट्या प्रकाशकांशी थेट व्यवहार

शेगावचं वर्णमुद्रा, कल्याणचं पपायरस, मुंबईचं शब्द, पुण्याचं हर्मिस, गोव्याचं सहित ही चटकन आठवणारी काही नावं. रोहन प्रकाशनासारख्या जुन्या संस्थेनेही नव्या ललित लेखनासाठी ‘मोहर’ हे वेगळं दालन उघडलंय. तुमच्या भागातलं नाव यात नसेल तर जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात शोधा.

यांची खरेदी अशी होते: फेसबुकवर नव्या पुस्तकाची घोषणा, खाली व्हॉट्सॲप नंबर, यूपीआयने पैसे, आठवड्याभरात कुरियर किंवा टपाल. प्रकाशनपूर्व सवलत बहुतेकांकडे असते, ती पुस्तक छापायला जाण्याआधी मिळते. छपाईचं बिल भागवायला त्या आगाऊ पैशांचा प्रकाशकाला मोठा आधार होतो. ज्या प्रकाशकाची दोन पुस्तकं तुम्हाला आवडली, त्याच्याकडे तिसरं न बघता आगाऊ नोंदवायला हरकत नाही. अनोळखी प्रकाशकाकडे मात्र आधी तयार पुस्तकच मागवा.

एक व्यवहारी गोष्ट. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुक पोस्टची स्वस्त सोय बंद केली. नंतर २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आली, तरी दीडशे रुपयांच्या कथासंग्रहावर टपालखर्च डोळ्यात येतोच. म्हणून एकेक पुस्तक न मागवता तीन-चार एकदम मागवा, किंवा शेजारीपाजारी मिळून ऑर्डर द्या. आणखी एक: प्रकाशकाला ‘तुमच्याकडचं चांगलं काय?’ असं विचारू नका, तो सगळंच चांगलं म्हणणार. ‘तुमच्याकडचं न खपलेलं, पण तुम्हाला स्वतःला आवडलेलं पुस्तक कुठलं?’ असं विचारा. उत्तर द्यायला बहुतेक जण आधी थोडे थांबतात आणि मग भरभरून बोलतात.

मागवण्याआधी चाळायचं असेल तर बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर बऱ्याच पुस्तकांची सुरुवातीची पानं उघडून दिसतात. तिथे प्रकाशकाच्या नावावरून त्याची बाकीची यादीही काढता येते.

ऑनलाइन जंगल

प्रतिलिपी हे कोणालाही कथा लिहून टाकता येणारं व्यासपीठ २०१४ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं. मराठीत तिथे रोज इतकं लिहिलं जातं की पट्टीचा वाचकही गांगरेल. संपादक नाही, म्हणजे चाळणी तुम्हालाच लावायची आहे. तारांकित शेऱ्यांवर विसंबू नका. लेखक मंडळी एकमेकांना पाच तारे देत असतात. लांबलचक, तक्रारीच्या सुरातले शेरे शोधा, त्यात खरी माहिती असते. मालिका वाचायची असेल तर ती पूर्ण झाली आहे ना ते आधी बघा, नाहीतर सत्तेचाळिसाव्या भागात नायिका जिन्यावर उभी आणि लेखक परीक्षेला गेलेला. पहिल्या भागावर प्रत्येकाने मेहनत घेतलेली असते, त्यामुळे दहावा भाग उघडून दोन परिच्छेद वाचा. तिथे भाषा टिकली असेल तर पहिल्यापासून सुरुवात करा.

किंडलवर लेखकाला स्वतःच मराठी पुस्तक चढवता येतं. तिथल्या कथा शोधताना लिपीची गंमत लक्षात ठेवा. लेखक ऱ्हस्वदीर्घात चुकला असेल तर तुमचा शोध रिकामा परततो. ‘गूढकथा’ आणि ‘गुढकथा’, ‘विज्ञानकथा’ आणि सुटं ‘विज्ञान कथा’, ‘दीर्घकथा’ आणि ‘लघुकादंबरी’ असे सगळे पर्याय घालून बघा, आणि तेच रोमन लिपीतही टाइप करून बघा. फुकट नमुना उतरवून वाचल्याशिवाय विकत घेऊ नका.

ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तकं विनामूल्य देतं. परदेशातल्या मराठी वाचकाला टपालाचा खर्च परवडत नाही, त्याची सोय इथे होते. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, आणि तिथे कथा लिहून पुढे पुस्तकापर्यंत गेलेली माणसं आहेत. परदेशात दहा-वीस मराठी घरं जवळ असतील तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाची चौकशी करा. पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. पेटीत आपण कधी निवडलं नसतं असं पुस्तक असतंच.

पुरस्कार कसे वाचायचे

मोठे पुरस्कार प्रस्थापितांना मिळतात, आपल्या कामाचे नाहीत. राज्य वाङ्मय पुरस्कारांत ‘प्रथम प्रकाशन’ हा विभाग बघा: कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीच्या आतल्या लेखकांना मिळतो. दोन्हींच्या गेल्या पाच-सहा वर्षांच्या याद्या काढल्या तरी दहा-बारा नावं मिळतात. यादीत प्रकाशकाचं नाव असतंच, ते वर सांगितल्याप्रमाणे वापरा. ‘ललित’ मासिक १९६४ पासून पुस्तकांबद्दलच निघतंय. त्यातली परीक्षणं आणि नव्या पुस्तकांच्या जाहिरातीही याच नजरेने वाचाव्यात.

घ्यावं की ठेवावं

प्रस्तावना मोठ्या माणसाची असेल आणि त्यात कथांपेक्षा लेखकाच्या स्वभावाचं कौतुक जास्त असेल, तर पुस्तक सावधपणे उघडा. प्रस्तावना सोडून मधलं एखादं पान काढा आणि संवाद वाचा. सगळी पात्रं एकाच आवाजात बोलत असतील, मालवणची आजी आणि हिंजवडीतला इंजिनियर दोघंही छापील प्रमाण मराठीत, तर ठेवून द्या. शुद्धलेखनाच्या चुकांना मी एवढं महत्त्व देत नाही. मुद्रितशोधकाला द्यायला पैसे नसतात, चुका राहतात. पण वाक्यच सैल असेल, प्रत्येक भावनेपुढे तीन टिंबं आणि दोन उद्गारचिन्हं असतील, तर तो दोष मुद्रितशोधनाने जात नाही. कथासंग्रहात पहिली नव्हे, चौथी-पाचवी कथा आधी वाचा. कादंबरी चाळीस पानांत पकडत नसेल तर सोडायला हरकत नाही. नव्या लेखकावर उपकार म्हणून पुस्तक पूर्ण वाचण्यात त्याचंही भलं होत नाही.

आवडलं तर मलपृष्ठावर किंवा शेवटी लेखकाचा ईमेल बहुधा असतो. दोन ओळी लिहा आणि ‘सध्या तुम्ही कोणाचं वाचताय?’ एवढं विचारा. अशा लेखकांचं आपसात वाचन दांडगं असतं, आणि पुढच्या दिवाळीत आपली कथा कुठल्या अंकात येणार हेही ते सांगून टाकतात.

शेवटची खटपट वाचनालयात. १९६७च्या कायद्याखाली मान्यता असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना शासनाचं अनुदान मिळतं, त्यातून दरवर्षी पुस्तकं घेतली जातात, आणि काय घ्यायचं हे बऱ्याचदा वितरकाच्या यादीवरून ठरतं. त्या यादीत आपली पुस्तकं नसतात. म्हणून ग्रंथपालाकडे लेखी मागणी द्या. मागणी करताना पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि प्रकाशकाचा फोन एवढं सगळं लिहा. फोन नंबर नसला की ग्रंथपालाला ते मागवायचं कुठून हे कळत नाही आणि चिठ्ठी खणात पडून राहते. दोन-तीन सभासदांनी एकाच पुस्तकाची मागणी केली तर काम लवकर होतं.